धुक्यावरच्या दोन फेऱ्या

त्या दोन गावांच्या मधे डोंगराची एक लांबलचक रांग आडवी पडलेली आहे. रस्त्याने जायचं तर सकाळी निघालेला माणूस दुपार कलताना पोहोचतो. घाटात एखादा ट्रक बंद पडला असेल, आणि तो बहुधा पडलेलाच असतो, तर अख्खा दिवस हातचा जातो. विमानाने पंचेचाळीस मिनिटं लागतात. त्यातला पहिला भाग चढण्यात आणि शेवटचा उतरण्यात सरतो, त्यामुळे वर सरळ उडायला मिळतं ते कपभर चहा संपेपर्यंत. हा प्रवास नव्हेच, नुसती उडी आहे, असं कॅप्टनबाई म्हणायच्या.

त्यांना सगळे कॅप्टनबाईच म्हणत. पन्नाशीला टेकलेल्या, अंगाने शिडशिडीत, बोलणं मोजकं. एका लहान कंपनीचं नऊ आसनांचं विमान त्या चालवायच्या. कधी कारखान्याचे साहेब असायचे, कधी पुलाचं काम बघायला निघालेले इंजिनियर, कधी एखादा पेशंट. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण तिच्या संसारासह त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. जेवायला खाली आणि झोपायला वर, असं त्यांचं घर होतं आणि ते त्यांना पुरेसं होतं.

थंडीच्या दिवसांत एकदा भल्या सकाळी त्यांना कंपनीतून फोन आला. गावातल्या मोठ्या इस्पितळात एक बस ड्रायव्हर होता. चाळिशी ओलांडलेला, धडधाकट माणूस. डेपोत गाडी लावून खाली उतरला आणि उतरल्या जागी कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन दिवस डॉक्टरांनी सगळे उपाय केले, मग त्याच्या बायकोला बाजूला बसवून सांगितलं की आता मशीन श्वास घेतंय, माणूस नाही. ती म्हणाली, “ज्याचा उपयोग होईल ते घ्या.” मूत्रपिंडं आणि डोळे गावातच गरजू लोकांना मिळणार होते. हृदय मात्र डोंगरापलीकडच्या गावात न्यायचं होतं. तिथल्या इस्पितळात एक तरुण पेशंट कितीतरी महिने त्याची वाट बघत पडला होता.

हृदय एकदा काढलं की त्याला चार तासांच्या आत दुसऱ्या छातीत धडधडायला लागावं लागतं. रस्त्याने ते शक्यच नव्हतं.

कॅप्टनबाई विमानतळावर पोहोचल्या तेव्हा त्यांचा सहवैमानिक हवामानाचा कागद घेऊन उभा होता. पोरगा नवीन होता, पण हुशार होता.

“मॅडम, तिकडे थोडं धुकं आहे. पण आपण पोहोचेपर्यंत उठेल म्हणतात.”

“म्हणतात की नक्की?”

“म्हणतात.”

अॅम्ब्युलन्स आली. सर्जन उतरले, मागून त्यांची मदतनीस डॉक्टर उतरली. सर्जनच्या हातात एक निळी पेटी होती, लोक सहलीला बर्फ भरून नेतात तसली. त्यांनी ती एका सीटवर ठेवली, तिला पट्टा बांधला आणि शेजारी बसून झाकणावर हात ठेवला. तो हात त्यांनी प्रवासभर तिथून काढला नाही.

डोंगर ओलांडेपर्यंत आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पलीकडे मात्र सगळं खोरं पांढऱ्याने काठोकाठ भरलेलं होतं. ना नदी दिसत होती, ना रस्ता, ना गाव. टॉवरवरच्या माणसाने सांगितलं की त्याला खिडकीतून धावपट्टीचं जवळचं टोकही दिसत नाहीये. लहान विमानतळ तो. विमानाला थेट जमिनीपर्यंत हाताला धरून आणणारी यंत्रं तिथे नव्हती. एका ठरावीक उंचीपर्यंत खाली यायचं. तिथून धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर विमान वर घ्यायचं. यात तिसरा पर्याय नसतो.

कॅप्टनबाईंनी विमान खाली आणलं. काचेबाहेर नुसता कापूस होता. सहवैमानिक उंची मोठ्याने वाचत होता. ठरलेला आकडा आला, समोर काहीच दिसलं नाही, आणि त्यांनी विमान वर घेतलं. वर आल्यावर ऊन डोळ्यांवर आलं.

“परत एकदा,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदाही तेच झालं. फक्त एक क्षणभर डावीकडे काहीतरी काळपट सरकल्यासारखं वाटलं. ते झाड होतं, छप्पर होतं की डोळ्यांचा खेळ होता, ते कळायच्या आत आकडा आला होता.

“मिनिमम, मॅडम,” सहवैमानिक म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

त्यांनी विमान वर घेतलं.

सर्जन कॉकपिटच्या दारात येऊन उभे राहिले. “तिकडे पोराला टेबलावर घेतलंय,” ते म्हणाले. “अजून एकदा नाही का बघता येणार? थोडं अजून खाली?”

कॅप्टनबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी इंधनाचा काटा पाहिला. आणखी एक फेरी मारली असती तर धुकं नसलेल्या मोठ्या शहराच्या विमानतळापर्यंत जायला पुरेसं इंधन राहिलं नसतं. धुकं उठायची चिन्हं नाहीत, असं टॉवर सांगत होता.

“डॉक्टर, मागे जाऊन बसा,” त्या म्हणाल्या. “पट्टा लावा.”

विमान मोठ्या शहरात उतरलं. तिथून त्या गावाला रस्त्याने जायला अर्धा दिवस लागतो. खोऱ्यातलं धुकं विरलं तेव्हा पेटीतल्या चार तासांतलं काही शिल्लक उरलं नव्हतं. हृदयाच्या झडपा तरी पुढे कुणाच्या कामी येतील म्हणून पेटी तिथल्याच एका इस्पितळात पाठवली. अॅम्ब्युलन्समध्ये चढताना सर्जनने कॅप्टनबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले.

कंपनीने चौकशी केली. निर्णय बरोबर होता, असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. सर्जनने स्वतः फोन करून तेच सांगितलं, आणि मग थोडं थांबून हेही सांगितलं की तो तरुण काल गेला. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गावात त्याला सगळे पेंटर म्हणायचे. आईचा एकुलता एक होता.

त्यानंतर कॅप्टनबाईंनी कंपनीला सांगून तो मार्ग सोडला. कारण विचारलं तर, “कंटाळा आला त्या उडीचा,” म्हणाल्या. बहिणीला मात्र ते पटलं नाही. जेवताना ताईचा हात ताटावर थांबून राहतो, हे तिला दिसत होतं.

“ताई, तू बरोबर केलंस,” ती एकदा म्हणाली.

“माहीत आहे मला,” कॅप्टनबाई म्हणाल्या. “बरोबर केलं म्हणून तर कुणाजवळ बोलता येत नाही.”

थंडी सरत आली होती तेव्हा एका दुपारी विमानतळावरच्या त्यांच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. खोली कसली, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नकाशा आणि कुरकुरणारा पंखा. बाई अंगाने भरलेली होती, साडी साधी आणि नीटनेटकी. खांद्याला कापडी पिशवी होती.

“तुम्हीच का त्या, विमान नेलेल्या?”

“हो. काय काम होतं?”

“मी ड्रायव्हरची बायको.”

कॅप्टनबाई उठून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळा त्यांनी मनात या बाईला उत्तरं दिली होती. “बसा,” एवढंच त्या म्हणाल्या.

बाईने पाणी मागितलं, सावकाश प्यायली आणि पेला टेबलावर ठेवला. “मी शिवणकाम करते,” ती म्हणाली. “मशीनवर बसलं की डोक्यात नाही नाही ते येतं. एक विचारू का? ती पेटी होती ना, ती कुठे ठेवली होती तुम्ही? खाली?”

“नाही. सीटवर होती. डॉक्टरांच्या शेजारी. पट्टा लावला होता.”

“पट्टा लावला होता.” बाईने मान हलवली आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “आमच्या ह्यांनी जन्मात कधी लावला नाही. किती डोकं फोडलं मी.”

पंखा कुरकुरत होता.

“त्या पेंटरची आई आहे म्हणे तिकडे, एकटीच,” बाई म्हणाली. “पेपरात वाचलं. मला तिला भेटायचंय. पण एकटीने जायचा धीर होत नाही.”

“मी येऊन काय करणार? मला बघून त्यांना त्रासच व्हायचा.”

“होईलही. पण त्या सकाळचं तिला खरंखुरं सांगू शकतील अशा आपण दोघीच आहोत. माझ्याकडचं अर्धं, तुमच्याकडचं अर्धं.”

कॅप्टनबाईंनी नकाशाकडे पाहिलं. “बरं,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी विमानाची दोन तिकिटं काढते.”

“नको. बसने जाऊ. मला तोच रस्ता ओळखीचा आहे.”

ठरलेल्या दिवशी डेपोत त्यांना सगळ्यात पुढची सीट मिळाली. त्या गाडीचा ड्रायव्हर मेलेल्या ड्रायव्हरचा जुना जोडीदार होता. त्याने “वहिनी, इथे बसा” म्हणून स्वतःच्या हाताने सीट पुसून दिली.

कॅप्टनबाईंनी हा रस्ता वरून हजारदा पाहिला होता. वरून तो डोंगरावर विसरून राहिलेल्या दोऱ्यासारखा दिसायचा. आता त्याच दोऱ्यावर गुडघे समोरच्या दांडीला आपटत होते, वळणावर डिझेलचा वास खिडकीतून आत येत होता, आणि मागे कुणाचं तरी तान्हं केव्हापासून रडत होतं. डोंगराच्या एका बाजूला सकाळ कोवळी होती, दुसऱ्या बाजूला येईपर्यंत ऊन कडक झालं होतं.

घाटाच्या माथ्यावर रस्ता थोडा रुंद होता. तिथे बाई खिडकीकडे वळली.

“इथे उभी करायचे हे गाडी. धुकं पडलं की. दोन-दोन तास. लोक शिव्या घालायचे. कुणाची मुलाखत चुकायची, कुणाला परीक्षेला उशीर व्हायचा. एकदा एकाने कॉलर धरली होती.”

कॅप्टनबाईंनी मान वाकवून ती जागा पाहिली.

“त्या आठवड्यात पेपरात वाचलं ना, विमान परत फिरवलं म्हणून, तेव्हा तुमच्या नावाने मी बोटं मोडली. खोटं कशाला सांगू? म्हटलं, एवढं आम्ही काळजावर दगड ठेवून दिलं, आणि हिला खाली उतरता येऊ नये? पंधरा दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मग एकदा आमची थोरली म्हणाली, ‘आई, बाबांना उशीर झाला की तू काय म्हणायचीस आठवतंय का?’”

“काय म्हणायचात?”

“म्हणायचे, उभी केली असेल कुठेतरी. आणि निवांत व्हायचे.” तिने पदराने नाक पुसलं. “उभी करतात याचाच मला आधार होता सगळा संसारभर. मग तुमच्यावर कुठल्या तोंडाने रागवू? तुमच्याही गाडीत माणसं होतीच की.”

कॅप्टनबाईंनी बाईच्या हातावर हात ठेवला. उतार सुरू झाला आणि ड्रायव्हरने गिअर बदलला.

पेंटरची आई एका अरुंद गल्लीत तळमजल्यावर राहायची. ती लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. दार उघडंच होतं. एका भिंतीला रंगाचे डबे उतरंडीसारखे रचलेले होते, त्यांच्या बाजूला एक पत्र्याची पाटी उभी होती. तिच्यावर लाल रंगात एका दुकानाचं अर्धंच नाव लिहिलेलं होतं. म्हातारी टेबलामागे उभी होती, किरकोळ, केस पांढरेफटक. दोघींना बघून तिने इस्त्री उभी केली.

“कपडे द्यायचेत का?”

“नाही, मावशी,” ड्रायव्हरची बायको म्हणाली, आणि मग तिने आपण कोण, बरोबरच्या बाई कोण, ते सांगितलं. सांगताना ती दोनदा अडखळली.

म्हातारीने टेबलावरच्या शर्टाची बाही सरळ केली. मग पुढे येऊन तिने ड्रायव्हरच्या बायकोचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघत राहिली. “बस गं बाई,” ती म्हणाली. “लांबून आलात.”

मग ती कॅप्टनबाईंकडे वळली. “त्या दिवशी तू होतीस वर?”

“हो.”

“मी इस्पितळाच्या आवारात होते. त्याला आत नेला होता. बाहेर हाताला हात दिसत नव्हता. आणि मी आवाज ऐकला. आधी इकडून आला, अगदी डोक्यावर आला आणि गेला. मग परत आला. दोनदा ऐकला मी. तिथल्या सगळ्यांना सांगितलं, आलंय, ते आलंय. म्हणाले, म्हातारीला भास होतोय. नंतरसुद्धा सगळे हेच म्हणायचे, विमान इथवर पोचलंच नाही म्हणून. मग मलाही वाटायला लागलं, भासच झाला असेल.”

“भास नव्हता,” कॅप्टनबाई म्हणाल्या. “मीच होते. दोनदा खाली आले होते.”

“किती खाली?”

कॅप्टनबाईंनी दाराबाहेर पाहिलं. गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी होती. “तशा चार टाक्या एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढ्यावर. पण जमीन दिसली नाही. थोडंही काही दिसलं असतं, तरी...”

म्हातारी उंबऱ्यापर्यंत गेली आणि टाकीकडे बघत उभी राहिली. बघता बघता तिची नजर टाकीच्या वर आणखी वर गेली. गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

“एवढ्या जवळ आलं होतं,” ती म्हणाली. त्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण दिलासाही नव्हता. नुसतं ती ते स्वतःला ऐकवत होती.

आत येऊन ती बसली. “त्याला शुद्ध आल्यावर मी सांगितलं होतं. म्हटलं, आलं होतं रे, मी ऐकलं माझ्या कानांनी. हसला. म्हणाला, ‘आई, त्यांना पाटी दिसली नसेल. विमानतळाची पाटी मी रंगवायला हवी होती.’” म्हातारीचा चेहरा हसण्यासाठी उघडला आणि मधेच मोडला. “शेवटपर्यंत असाच बोलायचा. सगळ्यात चेष्टा.”

ती रडली. ड्रायव्हरची बायकोही रडली. कॅप्टनबाई इतके महिने रडल्या नव्हत्या. आता त्या अनोळखी घरात, इस्त्रीच्या उबदार वासात, ओंजळीत तोंड धरून त्या रडल्या, आणि त्यांची कुणी समजूत घातली नाही. त्याची गरजही नव्हती.

चहा झाला. मग म्हातारीने ड्रायव्हरच्या बायकोला विचारलं, “कसे होते गं ते? मला काहीच ठाऊक नाही त्यांचं. पोराच्या छातीत राहायला येणार होते, आणि मला नावगाव ठाऊक नाही.”

“आमचे हे?” ती म्हणाली. “आता काय सांगू? जेवायला बसले की आधी मीठ मागायचे. चवही न बघता. लग्नानंतर पहिल्या दिवशीसुद्धा. मला एवढा राग आला होता.”

“आमच्याला तिखट लागायचं. डॉक्टरांनी बंद केलं तर मिरचीचा नुसता वास घ्यायचा.”

असं ते सुरू झालं. एकीने गाडीच्या आरशाला लोंबणाऱ्या मण्यांचं सांगितलं, तर दुसरीने रंगाच्या डब्यात बुडालेल्या मांजराचं. मधे दारात कुणीतरी येऊन विचारून गेलं, कपडे झाले का. म्हातारी उठायला लागली तर कॅप्टनबाईंनी तिला हाताने थांबवलं. त्या टेबलामागे गेल्या, शर्टावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री हातात घेतली. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. स्वतःचा गणवेश त्या रोज स्वतःच इस्त्री करायच्या, त्यामुळे हाताला सवय होती. गठ्ठा मोठा होता. पाठीमागे दोघींचं बोलणं चालू होतं, कधी हसू येत होतं, कधी आवाज एकदम खाली जात होता.

परतीची शेवटची बस निघून गेल्याचं लक्षात आलं तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. ड्रायव्हरची बायको गडबडून उभी राहिली.

“राहा की आज,” म्हातारी म्हणाली. “अंथरुणं आहेत. आणि भात टाकायला कितीसा वेळ लागतो?”

कॅप्टनबाईंनी बहिणीला फोन करून सांगितलं की आज येत नाही, जेवायला वाट बघू नका. “कुठे आहेस, ताई?” बहिणीने विचारलं. “डोंगराच्या पलीकडे,” त्या म्हणाल्या, फोन ठेवला आणि गठ्ठ्यातला पुढचा शर्ट ओढून घेतला.